डाएटिशियन व्हायचंय? मग विचार शेवटाकडून सुरू करा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. नात्यातलं, ओळखीतलं, नाहीतर ओळखीच्यांच्या ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "ताई, आमच्या मुलीला डाएटिशियन व्हायचंय. कुठलं कॉलेज चांगलं?" मी उलट विचारते, "इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलमध्ये होईल?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "अहो, ते पाच वर्षांनंतरचं झालं. आत्ता नुसता फॉर्म भरायचाय."

घोळ तिथेच होतो. मी हॉस्पिटलच्या आहार विभागात काम करते, आणि दरवर्षी आमच्याकडे इंटर्न येतात. एका वर्षी आलेली मुलगी एम.एस्सी. झालेली होती, गुण उत्तम. पण पाच वर्षांच्या शिक्षणात तिनं वॉर्डात एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब तिनं पहिल्यांदा पाहिली ती आमच्याकडे. मुलगी हुशार होती, चूक तिची नव्हती. कोर्सच्या नावात 'न्यूट्रिशन' हा शब्द होता, माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं, आणि अभ्यासक्रम कुणी उघडून पाहिला नव्हता.

म्हणून हा लेख मी शेवटच्या पायरीपासून मागे येत लिहिते आहे.

फॉर्मच्या आधी दोन दिवस

डाएटिशियन म्हणजे वजन कमी करायचे तक्ते देणारी बाई, असा समज आहे. तेही काम आहेच. पण हॉस्पिटलमधला दिवस असा असतो: सकाळी राउंड, नव्या रुग्णांची पोषण-तपासणी, कुणाच्या रक्तातलं पोटॅशियम वाढलं, कुणाचं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलं ते पाहायचं, त्यानुसार डाएट शीट बदलायची, मग स्वयंपाकघरात जाऊन मीठविरहित ट्रेमध्ये चुकून लोणचं गेलं नाही ना हे बघायचं. डायलिसिसच्या रुग्णाच्या बायकोला भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायला शिकवायचं, आणि "मग चव काय राहिली?" हा तिचा प्रश्न ऐकून घ्यायचा. दुपारी आयसीयूत नळीवाटे द्यायच्या आहाराचं गणित. १५०० किलोकॅलरी हव्यात, एका मिलिलिटरला एक किलोकॅलरी देणारं फीड आहे, तर २५० मिलिलिटरचे सहा फीड. रुग्णाला जुलाब सुरू झाले की हे सगळं पुन्हा मांडायचं.

हॉस्पिटलबाहेरही काम आहे. नंदुरबार, मेळघाट अशा भागांतल्या पोषण पुनर्वसन केंद्रांमध्ये तीव्र कुपोषित मुलं दाखल होतात. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल त्या गटात मोडतं. तिथल्या आहारतज्ज्ञाचा दिवस मुंबईतल्या क्लिनिकपेक्षा अगदी निराळा. शिवाय खेळाडूंचा आहार, कंपन्यांची कँटीनं, अन्नप्रक्रिया उद्योग, संशोधन.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आहार विभागाला एक साधं पत्र लिहा आणि दोन दिवस नुसतं बघायला येऊ द्याल का, असं विचारा. सगळे हो म्हणणार नाहीत. एखाद्यानं म्हटलं तरी पुरे. ज्यांना औषधांचा वास आणि रुग्णाच्या नातेवाइकांची चिडचिड सहन होत नाही, त्यांना ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळतं, आणि पाच वर्षं वाचतात.

शेवटची पायरी: नोंदणी

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात पोषणशास्त्राचे व्यावसायिक येतात, म्हणजे डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघंही. याच कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाची व्याख्या आहे: तीन ते सहा वर्षांत विभागलेली, किमान ३६०० तासांची पदवी. याचा सरळ अर्थ असा की तीन महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करून पाटी लावण्याचे दिवस भरत आलेत. असे कोर्स विकणाऱ्यांच्या जाहिराती मात्र अजून जोरात आहेत.

२०२५ मध्ये आयोगानं पोषण व आहारशास्त्राचा नवा अभ्यासक्रम-आराखडा जाहीर केला. त्यामुळे कुठल्याही कॉलेजला पहिला प्रश्न हा विचारा: "तुमचा कोर्स आयोगाच्या आराखड्याप्रमाणे आहे का, आणि नसेल तर कधीपासून होणार?" उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट झाली आणि अनेक घरांत ती अजून पोहोचलेली नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, या कायद्याखालचे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली. अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन त्यात आले. लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या कितीतरी बायकांनी दूरस्थ शिक्षणातून एम.एस्सी. केलं आणि त्यातल्या काही उत्तम डाएटिशियन झाल्या. नव्यानं येणाऱ्यांनी मात्र त्या रस्त्याचा विचार सोडून द्यावा. "आमचा ऑनलाइन कोर्स चालतो" असं कुणी फोनवर सांगितलं, तर फोन ठेवा.

कायद्याच्या कितीतरी आधीपासून इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही संघटना आहे, स्थापना १९६३ ची. ती 'रजिस्टर्ड डाएटिशियन' म्हणजे आरडी परीक्षा घेते. मोठी खासगी रुग्णालयं नोकरीच्या जाहिरातीत आवर्जून "आरडी असल्यास प्राधान्य" लिहितात. या परीक्षेला बसायला संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका लागते आणि रुग्णालयातली काही महिन्यांची इंटर्नशिप लागते. मी सुरुवातीलाच इंटर्नशिपबद्दल का विचारते, ते आता लक्षात आलं असेल.

एक पायरी मागे: पदव्युत्तर

इथे दोन वाटा आहेत. दोन वर्षांचं एम.एस्सी., किंवा एम.एस्सी.पेक्षा कमी काळाची डाएटेटिक्समधली पदव्युत्तर पदविका. दादरच्या आयएचएम या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतल्या पदविकेच्या नावातच डाएटेटिक्ससोबत हॉस्पिटल फूड सर्व्हिस आहे, आणि ट्रे लाइन, म्हणजे रुग्णांचे ट्रे भरायची रांग, सांभाळायची तर ते शिक्षण फार उपयोगी. शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल, परदेशी जायचं असेल तर एम.एस्सी.च करा. लवकर कमवायला लागणं घरची गरज असेल तर पदविका कमीपणाची नाही. माझ्या विभागात दोन्हीकडून आलेल्या मुली आहेत, आणि सहा महिन्यांनंतर कोण कुठून आलं ते ओळखता येत नाही.

आणखी मागे: पहिली पदवी

बारावी विज्ञान, जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन झालेली असेल तर जवळपास सगळे दरवाजे उघडे. कला किंवा वाणिज्यवाल्यांना काही गृहविज्ञान कॉलेजं प्रवेश देतात, पण पुढे आहारशास्त्राची शाखा मिळेलच असं नाही. हे त्या-त्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेच आधी वाचा.

मुंबईत मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, जुहूच्या आवारातलं एसएनडीटीचं सर विठ्ठलदास ठाकरसी कॉलेज आणि माटुंग्याचं डॉ. बीएमएन ही गृहविज्ञानाची जुनी नावं. आता त्यांच्या बहुतेक शाखा नव्या नावांनी चालतात, म्हणून संकेतस्थळावर 'गृहविज्ञान' शोधून सापडलं नाही तर 'फूड, न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स' शोधा. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये उभं केलेलं एसएनडीटी हे महिला विद्यापीठ, तेव्हा मुलग्यांना तिथे जागा नाही. पुण्यात कर्वे रस्त्यावर एसएनडीटीचं आवार आहे, नागपुरात एलएडी कॉलेज. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय फार कमी जणांना माहीत असतं. चार वर्षांची पदवी, आणि मराठवाड्यातल्या मुलांना घराजवळ. तिथला प्रवेश कृषी अभ्यासक्रमांच्या प्रक्रियेतून होतो, त्यामुळे वेळापत्रक बाकी बी.एस्सी.पेक्षा वेगळं असतं. गोव्यात पणजीला कांपालचं गोवा कॉलेज ऑफ होम सायन्स. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचा फूड्स अँड न्यूट्रिशन विभाग आणि दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज. दिल्ली विद्यापीठातला पदवीप्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, आणि त्या परीक्षेची नोंदणी बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी संपते.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवी आता तीन वर्षांनी सोडता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. चार वर्षांनंतर काही ठिकाणी एक वर्षाचं एम.एस्सी. मिळतं. एकूण वर्षं तेवढीच, पण चौथ्या वर्षात संशोधन आहे की रुग्णालय, हा फरक मोठा. रुग्णालय असेल तर चौथं वर्ष करा.

कॉलेजच्या दारात विचारायचे प्रश्न

शक्य असेल तर स्वतः जा, मुलीला सोबत न्या आणि तिलाच बोलू द्या. प्रयोगशाळा बघा: अन्नाचं वजन करायचे काटे आहेत का, ते चालतात का, की कपाटात कुलूपबंद आहेत? प्रवेश कक्षातल्या माणसाऐवजी विभागातल्या प्राध्यापकांना गाठून विचारा: गेल्या वर्षीच्या विद्यार्थिनी कोणकोणत्या रुग्णालयांत गेल्या? किती दिवसांसाठी? रुग्णालयाशी कॉलेजचा लेखी करार आहे, की "तुमचं तुम्ही शोधा"? पूर्णवेळ शिक्षक किती, त्यांतल्या कितींनी स्वतः वॉर्डात काम केलंय? विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, हे मात्र त्यांना विचारू नका. ते घरी बसून यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

मग शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना कँटीनमध्ये चहा पाजा. माहितीपत्रकात नसलेलं सगळं तिथे कळतं.

कागदपत्रं

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, अपार किंवा एबीसी (शैक्षणिक क्रेडिटची नोंद ठेवणारा) क्रमांक. सीबीएसई किंवा दुसऱ्या राज्याच्या मंडळातून आलेल्यांना मायग्रेशन प्रमाणपत्र. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर आणि जात वैधता. खुल्या वर्गात बसत असेल तर ईडब्ल्यूएस. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीलाही लागतो.

यातले तहसीलमधून मिळणारे दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतात, पण जूनमध्ये तिथली रांग बघून रडू येतं. फेब्रुवारीत, परीक्षेच्या धामधुमीतही, आईवडिलांपैकी एकानं हे काम उरकून टाकावं. जात वैधतेला महिने लागतात, ती प्रक्रिया अकरावीतच सुरू करा. आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते आत्ताच बघा. 'सुनीता'च्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरानं शिष्यवृत्ती अडकलेली मी पाहिली आहे.

फॉर्म

स्वायत्त कॉलेजं आपापला फॉर्म काढतात, विद्यापीठाची नावनोंदणी वेगळी असते, आणि दोन्ही भराव्या लागतात. विद्यापीठाची नोंदणी केली म्हणजे कॉलेजचा अर्ज आपोआप गेला, असं समजून दरवर्षी काही मुली पहिल्या गुणवत्ता यादीतून बाहेर राहतात. किमान चार ठिकाणी अर्ज करा: एक पोहोचेल की नाही असं, दोन मिळतील असं वाटणारी, एक नक्की मिळणारं. यादी लागल्यावर फी भरायची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते. त्या आठवड्यात गावाला जाऊ नका आणि खात्यात पैसे ठेवा. दुसऱ्या यादीत आवडीचं कॉलेज लागलं तर पहिलं रद्द करताना किती पैसे परत मिळतात, तो नियम पैसे भरायच्या आधी वाचायचा असतो.

मुलाखत, आणि वाटीचा प्रश्न

काही खासगी विद्यापीठं पदवीलाच मुलाखत घेतात, एम.एस्सी.ला तर बऱ्याच ठिकाणी होते. इंटर्न निवडताना मीही घेते. "मला लोकांची सेवा करायची आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कानावरून जातं. मला आवडतात त्या स्वतः काहीतरी मोजून आलेल्या मुली.

तेव्हा हा गृहपाठ करा. घरातल्या आजीला किंवा शेजारच्या काकूंना विचारून त्यांनी काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते लिहून काढा. आमच्याकडे याला चोवीस तासांचा रिकॉल म्हणतात. पहिल्या फटक्यात उत्तर येईल, "काही नाही गं, साधंच. सकाळी चहा, दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी." मग खोदायला लागा. चहा किती वेळा? साखर किती चमचे, आणि चमचा कुठला? चहाबरोबर खारी होती? आमटीवर तेलाचा तवंग होता? दुपारी चारला शेजारणीकडे काय खाल्लं? अर्ध्या तासानं "साधंच" जेवणातून सहा चमचे साखर आणि मूठभर शेंगदाणे निघतात, आणि आजीला त्याचा खरंच पत्ता नसतो.

त्यानंतर घरातली वाटी मोजपात्रातल्या पाण्यानं मोजा. आईची वाटी आणि मामीची वाटी एकसारखी नसते, हे एकदा स्वतः पाहिलं की आयुष्यभर लक्षात राहतं. भाकरीचंही तसंच. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून ढोबळ मानानं ३४० किलोकॅलरी मिळतात असं धरा. एका घरची भाकरी ५० ग्रॅम पिठाची, म्हणजे १७०. दुसऱ्या घरची ८० ग्रॅमची, म्हणजे २७०. दिवसाला तीन भाकऱ्या खाणाऱ्या माणसाच्या हिशोबात फक्त "भाकरी" लिहून ३०० किलोकॅलरींची चूक झाली. हे मुलाखतीत कुणी स्वतःच्या वहीतून दाखवलं, तर मी पुढचे प्रश्न जवळपास सोडून देते.

आकडे काढायला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते वापरा. त्यात ५२८ भारतीय पदार्थांचं पृथक्करण आहे. याच संस्थेची २०२४ ची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं, एकूण १७, एकदा वाचून काढा. इन्स्टाग्रामवरचं ज्ञान मुलाखतीत सांगू नका, समोरच्यानं "हे कुठे वाचलं?" विचारलं की अवघड होतं.

माझा आवडता प्रश्न असा: मधुमेहाचे काका आषाढी एकादशी करतात, नवरात्रही धरतात, गोळ्या चालू आहेत. काय सांगाल? "उपवास सोडा" म्हणणारी मुलगी काकांना एकाच भेटीत गमावते. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, भगरीत थोडं प्रथिन आणि तंतू असतात, सोबत दही-दाणे घेता येतात, खिचडीची थाळी लहान करता येते, आणि उपाशी पोटी गोळी घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते म्हणून आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. एवढं जी मांडते, तिनं माणूसही पाहिला आणि आजारही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. पहिलं वर्ष जड जातं, हे खरं आहे. पण वॉर्डात पंच्याहत्तर वर्षांच्या बाईंकडून त्या काय खातात ते काढून घ्यायला त्यांचीच बोली लागते, आणि तिथे इंग्रजी माध्यमवाल्या मुली तुमच्याकडे बघत उभ्या राहतात. बारावीनंतरच्या सुट्टीत जीवरसायनशास्त्राचे दोनशे शब्द पाठ करून टाका, पहिलं सत्र सोपं जाईल.

पैसे

अनुदानित आणि खासगी यांच्या फीमध्ये प्रचंड तफावत आहे. प्रवेश अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित, हे एकाच कॉलेजातही वेगळं असू शकतं, पावतीवर बघा. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज असतात. मुलींना शंभर टक्के फीमाफीचा राज्य सरकारचा २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे, आणि वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा आहे. साध्या बी.एस्सी.ला तो आपोआप लागू होतो असं गृहीत धरू नका, कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात लेखी विचारा.

इंटर्नशिपचा खर्च मात्र कुणी धरतच नाही. बऱ्याच रुग्णालयांत इंटर्नला विद्यावेतन नसतं, काही तर उलट शुल्क घेतात. त्या महिन्यांचं भाडं, डबा, प्रवास, पांढरा कोट आणि हिपॅटायटिस बीची लस, हे सगळं आजच हिशोबात मांडा.

परदेशाचं स्वप्न असेल तर

ब्रिटनमध्ये 'डाएटिशियन' हे कायद्यानं राखलेलं पदनाम आहे आणि एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ते वापरता येत नाही. तिथलं कुठलंही न्यूट्रिशनचं एम.एस्सी. केलं म्हणजे नोंदणी मिळते असं नाही. कोर्स एचसीपीसीमान्य डाएटेटिक्सचाच असावा लागतो. कर्ज काढून गेलेल्यांना हे तिथे पोहोचल्यावर कळतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणी परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे.

म्हणून प्रवेश झाल्या दिवसापासून एक फाइल करा. प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम, विषयांचे तास, प्रात्यक्षिकांचे तास, रुग्णालयात घालवलेल्या दिवसांची सही-शिक्क्याची पत्रं. परदेशी मूल्यांकनाला हेच मागतात, आणि सात वर्षांनी कॉलेजात जाऊन "माझ्या वेळचा अभ्यासक्रम द्या" म्हटलं, तर कारकून आधी डोळ्यांवर चष्मा चढवतो आणि मग सांगतो, "त्या वर्षीचं कपाट खाली हलवलंय, पुढच्या आठवड्यात या."